मावचीत चालणाऱ्या घरगुती प्रार्थनेत मराठी माणसाने कसे सामील व्हावे

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात शिक्षक, परिचारिका किंवा बँक कर्मचारी म्हणून बदलून आलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला रविवारच्या उपासनेत सहसा फारशी अडचण येत नाही, कारण शास्त्रपाठ म्हणजे बायबलचे वाचन मराठीत झाले की पुढचे बरेचसे लक्षात येते. आठवड्यातील घरगुती प्रार्थना मात्र ज्या घरी भरते त्या घराच्या भाषेत चालते आणि या पट्ट्यात ती भाषा बहुधा मावची, म्हणजे येथील आदिवासींची भिल्ली बोली असते.

जाण्यापूर्वी पाळकांना किंवा यजमान कुटुंबाला विचारून घ्यावे. या वेळची प्रार्थना कोणाच्या घरी आहे आणि कोणता अध्याय वाचला जाणार आहे, एवढे कळले तरी पुष्कळ आहे. तो अध्याय आदल्या दिवशी मराठीत दोनदा वाचून गेल्यास चर्चेतील नावे आणि प्रसंग कानाला लागतात व बोलण्याचा रोख सापडतो. वेळेबद्दल आग्रह धरू नये. भातलावणीच्या दिवसांत माणसे शेतातून परतल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नाही.

सर्वांत जास्त जपण्याची गोष्ट पुढेच आहे. गटातील बहुतेकांना शाळेमुळे मराठी येते, त्यामुळे पाहुणा आला की सगळे त्याच्यासाठी मराठीत बोलू लागतात. हा आदर असतो, परंतु त्याची किंमत कोपऱ्यात बसलेली आजी मोजते, कारण आपल्या भाषेत मोकळेपणाने साक्ष देणारी, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सांगणारी ती बाई मराठी सुरू होताच गप्प होते. शाळेत, दवाखान्यात, तहसील कचेरीत तिला परक्या भाषेपुढे संकोचावे लागतेच. निदान प्रार्थनेत तरी ती वेळ आपल्यामुळे येऊ नये. म्हणून पहिल्याच भेटीत यजमानांना नम्रपणे सांगावे की, ‘तुम्ही नेहमीसारखेच बोला, मला समजले नाही तर मी नंतर विचारीन.’ शेजारी दोन्ही भाषा जाणणारे एखादे तरुण माणूस असल्यास त्याने अधूनमधून हळू आवाजात सारांश सांगावा. प्रत्येक वाक्याचे भाषांतर मागू नये.

स्पष्ट मराठी वाचता येते म्हणून वाचन किंवा वचनाचा विचार मांडण्याचे काम नव्या माणसाकडे लवकर सोपवले जाते. पहिले काही महिने ते आदराने नाकारलेले बरे, असे माझे मत आहे. त्याऐवजी गीतांपासून सुरुवात करावी, कारण पालुपद पुन्हा पुन्हा येते आणि उच्चार चुकले तरी समूहाच्या आवाजात खपून जातात. त्यानंतर प्रभूची प्रार्थना मावचीत पाठ करावी. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील हे शब्द आपल्याला मराठीत तोंडपाठ असल्याने प्रत्येक ओळीचा अर्थ आधीच हाताशी असतो. स्वतःची प्रार्थना करण्याची पाळी आल्यास ती मराठीत, परंतु चार-पाच वाक्यांत करावी.

कोणाकोणासाठी प्रार्थना करायची ते विनंतीचे विषय सांगितले जातात तेव्हा अधिक सावध राहावे. कोणाचे आजारपण, कोणाच्या घरातील भांडण अर्धवट समजले, तर सर्वांसमोर खुलासा मागू नये आणि अंदाजाने दुसरीकडे सांगूही नये. भाषा शिकण्यासाठी मोबाईलवर गीते ध्वनिमुद्रित करायची असल्यास आधी परवानगी घ्यावी. साक्ष आणि प्रार्थना मात्र ध्वनिमुद्रित करू नयेत. वडीलधाऱ्यांना नावाने हाक न मारता घरातील मुले त्यांना काय म्हणतात ते ऐकून तसेच म्हणावे. शेवटी येणारा कोरा चहा घाईने उठून टाळू नये, कारण हवापाण्याच्या, पिकाच्या या गप्पांतच रोजची भाषा सर्वांत सहज कानावर पडते.

दिवाळीनंतर या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि गट आटतो. त्या महिन्यांत जाणे थांबवू नये. मागे राहिलेली वयस्क मंडळी सावकाश बोलतात आणि शिकाऊ माणसाला पुन्हा सांगण्यास त्यांच्याकडे सवडही असते.