थंडीत बेसिल काळं पडतंय? औषध मारण्याआधी या चुका टाळा

दिवाळी सरली की ओळखीपाळखीच्यांचे फोटो यायला लागतात. काळी पडलेली पानं, मान टाकलेले शेंडे आणि खाली ठरलेला प्रश्न: कोणतं औषध मारू? बहुतेक वेळा माझं उत्तर एकच असतं, कोणतंच नको. रोपाला रोग झालेला नाही. त्याला गारठा लागलाय आणि वरून तुम्ही पाणी ओतताय.

बेसिल हे सब्जाच्याच जातीचं झाड, उष्ण हवेत वाढणारं. रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली गेला की पानांना इजा होते. पान आधी भिजल्यासारखं दिसतं, मग काळं पडतं. त्यासाठी दव गोठावं लागत नाही. खानदेशातला हिवाळा इथेच माणसाला फसवतो. दुपारी २८-३० अंशांचं ऊन, गच्चीवर पाय भाजतात, त्यामुळे ‘आपल्याकडे कसली आलीय थंडी’ असं वाटतं. पहाटे चारला त्याच गच्चीवर जाऊन बघा.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. थंडीची लाट आली की ते बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात, घडांना पिशव्या घालतात, रात्री बागेला पाणी देतात. यावरून काही जण कुंडीलाही रात्री पाणी घालतात, ते मात्र चूक. विहिरीचं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा कोमट असतं आणि ते अख्ख्या शेताची जमीन ओलवतं. कुंडीतली मूठभर माती टाकीतल्या गार पाण्याने रात्रभर थंडगार राहते आणि मुळं सडायला लागतात.

माझ्या भाच्याचं जळगावात पिझ्झाचं छोटं दुकान आहे. गेल्या डिसेंबरात त्याने बाहेरगावच्या नर्सरीतून बेसिलची रोपं आणली. पॉलिहाऊसमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या उबदार आडोशात वाढलेली, लुसलुशीत, मोठाल्या पानांची. संध्याकाळी आणली आणि त्याच संध्याकाळी गच्चीवर उघड्यावर लावून वर पाणी घातलं. कुंडीत निव्वळ शेतातली काळी माती. तिसऱ्या दिवशी फोन, “मावशी, करपा आलाय. बुरशीनाशक मारलं, युरिया टाकला, तरी पसरतोच आहे.”

“आधी हात थांबव,” म्हटलं, “येते मी.”

जाऊन पाहिलं तर वरची, आभाळाकडे तोंड असलेली पानं काळी. त्यांच्या आडोशाची खालची पानं हिरवीगार. पान उलटून पाहिलं, खालून स्वच्छ. खोड नखाने जरा खरवडलं, आत हिरवं. मातीत बोट घातलं तर बोटाला चिखल. आणि एक कुंडी पाण्याच्या टाकीखाली सरकलेली होती, तिचं एक पानही बिघडलेलं नव्हतं. तेव्हाच निदान झालं. निरभ्र रात्री उघड्यावरच्या पानाची ऊब थेट आभाळाकडे निघून जाते, डोक्यावर काहीही छप्पर असलं तर ती बरीच टिकते. रोगाला टाकी आडवी आली नसती.

सगळ्या कुंड्या आडोशाला नेल्या, काळी पानं काढली, खत बंद, माती वरून सुकेपर्यंत पाणी बंद. औषध मारलेली पानं पिझ्झावर घालायची नाहीत, हेही बजावलं. थंडी ओसरल्यावर पानांच्या बगलेतून नवे फुटवे आले. युरिया जास्त पडलेली दोन रोपं मात्र गेली. गारठ्याने रोपाची वाढ थांबलेली असताना त्याला खत देण्याची ही घाई मला अजिबात पटत नाही. ते काही खात नसतं, मुळांना नुसता चटका बसतो.

नर्सरीतलं रोप आणलं की निदान आठवडाभर दिवसा बाहेर, रात्री घरात, असं करा. नंतर दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवून ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते. लाट आली तर काठ्या रोवून वर जुनी सुती साडी टाका आणि ऊन आलं की काढा. प्लॅस्टिक नको. ते पानाला चिकटलं की तिथेच पान काळं पडतं, आणि दुपारपर्यंत काढायचं राहिलं तर आत रोप उकडून निघतं.

पाणी मी सकाळी दहाच्या पुढे, कुंडीवर ऊन आल्यावर घालते, तेही उन्हात ठेवलेल्या बादलीतलं. दोन पेरं बोट आत घालून माती कोरडी लागली तरच. काळी माती ओल धरून बसते, म्हणून एक हिस्सा काळी माती, एक वाळू आणि एक चांगलं कुजलेलं शेणखत. कुंडीखालची बशी काढून टाका.

तुळशीचं दुखणंही हेच. तुळशीचं लग्न झालं की वृंदावनातली तुळस वाळायला लागते आणि घरोघरी दृष्ट लागल्याची चर्चा होते. रोजचा तांब्याभर पाण्याचा नेम हिवाळ्यातही चालू असतो, त्यात अधूनमधून दूधही पडतं. मी पळीभर पाणी तुळशीला वाहते, उरलेलं शेजारच्या जास्वंदीला. सासूबाईंनाही ते पटलं. मंजिऱ्या वाळेपर्यंत ठेवू नका, खुडून विठ्ठलाला वाहा.

मार्गशीर्षात बी पेरून ‘उगवतच नाही’ म्हणणाऱ्यांनी माती उकरणं थांबवावं. बेसिलच्या बियाला उगवायला २० अंशांच्या वरची ऊब लागते. नवरात्रात पेरा, म्हणजे थंडीपर्यंत रोप चांगलं धरतं. ते जमलं नाही तर महाशिवरात्रीपर्यंत थांबा. बी आधी भिजवू नका, त्याचा बुळबुळीत गोळा होतो. ओल्या मातीवर कोरडंच विरळ पसरा, वर चिमूटभर माती.

पानाच्या खालच्या बाजूला राखाडी-जांभळट भुकटी आणि वरून पिवळे पट्टे दिसले, तर ती खरोखर बुरशी. अशी पानं तोडून घराबाहेर टाका, कुंड्या लांब लांब ठेवा, पानांवर पाणी पडू देऊ नका.

खालची मोठी पानं ओरबाडू नका, शेंडा खुडा. फूल दिसलं की काढा. खुडलेलं बेसिल फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथेही ते गारठ्याने काळंच पडतं. ओट्यावर पेल्यातल्या पाण्यात देठ बुडवून ठेवा आणि पाणी रोज बदला.