अभ्यासक्रम आढाव्याचं काम: गुणवत्ता कक्षात नव्याने येणाऱ्यांसाठी

या कामाला सहसा कुणी ठरवून येत नाही. एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात समन्वयकपद पडतं, परीक्षा विभागातल्या कुणाला ‘तुला एक्सेल छान जमतं’ म्हणून इकडे वळवलं जातं. मी शिकवता शिकवता आले आणि राहिले. कक्षात नवीन माणसं रुजू झाली की पहिल्या आठवड्यात साधारण तेच प्रश्न विचारतात: नक्की तपासायचं काय, कुणाला विचारायचं, आणि एवढ्या फायली कशाला? दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

आधी एक गल्लत दूर करू. संस्थेचं मूल्यांकन वेगळं आणि अभ्यासक्रमाचा आढावा वेगळा. १९९४ साली स्थापन झालेली नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, संपूर्ण संस्था बघते. तिच्या चौकटीत अध्यापनाबरोबर संशोधन, पायाभूत सुविधा, प्रशासन असं सगळं येतं. एनबीए, म्हणजे तंत्रशिक्षणासाठीची राष्ट्रीय अधिस्वीकृती संस्था, हीही त्याच वर्षीची, पण ती एकेक अभ्यासक्रम स्वतंत्रपणे तपासते. अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्परमान्यतेसाठी १९८९ मध्ये झालेल्या वॉशिंग्टन कराराची ती २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाली. युरोपातल्या उच्चशिक्षणासाठीची गुणवत्ता मानकं २००५ मध्ये स्वीकारली गेली आणि २०१५ मध्ये सुधारली गेली. त्यातलं १.९ क्रमांकाचं मानक आपल्या कामाचं: संस्थेने स्वतःच्या अभ्यासक्रमांवर सतत लक्ष ठेवावं आणि ठरावीक काळाने त्यांचा आढावा घ्यावा. मी बोलते आहे ते या अंतर्गत आढाव्याबद्दल, म्हणजे विद्यापीठ दर काही वर्षांनी एकेका पदवीला टेबलावर घेतं त्याबद्दल.

त्याचे टप्पे जगभर जवळपास सारखेच. विभाग स्वयंमूल्यमापन अहवाल लिहितो, बाहेरची तज्ज्ञ समिती भेट देते, अहवाल येतो, मग पाठपुरावा. पहिल्या तीन टप्प्यांना सगळ्यांचा उत्साह असतो. समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की चौथा टप्पा कपाटात जातो. म्हणून माझ्या हाताखाली येणाऱ्याला मी पहिलं काम देते ते जुन्या आढाव्याचा अहवाल वाचण्याचं. नवा अहवाल नंतर. मागच्या वेळी सांगितलेल्याचं काय झालं हे ज्याला सांगता येतं, त्याला त्या विभागाची तब्येत बहुतेक कळलेली असते.

हे वाचन कसं करायचं ते एका शिफारशीवर दाखवते. समजा मागच्या समितीने लिहिलं होतं, ‘संशोधन पद्धती शिकवण्याआधी विद्यार्थ्यांना सांख्यिकीची ओळख व्हायला हवी.’ आता हिच्या मागोमाग चालत जायचं. विभागाच्या बैठकीचं इतिवृत्त काढा. तिथे बहुधा ‘सविस्तर चर्चा झाली’ असं असेल. अभ्यास मंडळाच्या मिनिट्समध्ये ‘तत्त्वतः मान्य’. विद्या परिषदेत सुधारित अभ्यासक्रम मंजूर. इथपर्यंत फाइल चोख असते आणि अनुपालन अहवालात ‘पूर्तता झाली’ असा शेरा पडलेला असतो. आपण इथे थांबायचं नाही. सांख्यिकी नक्की कोणत्या सत्रात आली? ती तिसऱ्या सत्रात आणि संशोधन पद्धतीही तिसऱ्याच सत्रात असेल, तर शिफारशीतला ‘आधी’ कुठे गेला? वेळापत्रकात तास किती, शिकवतं कोण, प्रात्यक्षिकाला संगणक कक्ष मिळतो का? आणि शेवटी विद्यार्थ्यांचे दोन-चार प्रकल्प उघडा. त्यात सरासरी आणि टक्केवारीच्या पुढे काही दिसतं का ते बघा. एवढं केलं की त्या एका शिफारशीवर तुम्ही समितीपुढे ठामपणे बोलू शकता. सगळ्या शिफारशींना इतका वेळ देता येत नाही. दोन-तीन निवडा, बाकीच्यांचा अंदाज त्यावरून येतो.

दुसरी जागा जिथे बराच वेळ घालवावा ती म्हणजे अध्ययन निष्पत्ती (शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवं ते) आणि प्रश्नपत्रिका यांच्यातलं अंतर. निष्पत्ती आता सगळीकडे लिहिलेल्या असतात. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेली आणि २००१ मध्ये सुधारलेली विचारकौशल्यांच्या पायऱ्यांची मांडणी हाताशी असल्यामुळे क्रियापदं झकास असतात: विश्लेषण करता येईल, मूल्यमापन करता येईल, रचना करता येईल. त्याखाली सीओ-पीओ मॅपिंगचा तक्ता, म्हणजे विषयाच्या निष्पत्ती (सीओ) पूर्ण पदवीच्या निष्पत्तींना (पीओ) किती हातभार लावतात ते १ ते ३ अशा अंकांत दाखवणारा. त्यात जवळपास प्रत्येक चौकटीत ३ दिसला, तर तक्ता एका बैठकीत, बहुधा दुपारी उशिरा भरला गेला आहे असं खुशाल समजा. प्रत्येक विषय प्रत्येक उद्दिष्टाला जोरदार हातभार लावत असेल, तर त्या तक्त्यातून काहीच कळत नाही.

तक्त्यावर वाद घालत बसू नका. त्या विषयाच्या शेवटच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका मागवा आणि पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक प्रश्नासमोर समासात लिहा: आठवून लिहायचं आहे, समजावून सांगायचं आहे, की नवी परिस्थिती देऊन काही सोडवायला लावलं आहे. मग गुणांची बेरीज करा. ६० गुणांच्या पेपरात ४५ गुण ‘व्याख्या लिहा’, ‘टिपा लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’ यांना गेले असतील, तर निष्पत्तीतलं ‘विश्लेषण’ कागदावरच राहिलं. उद्दिष्ट, शिकवणं आणि परीक्षा यांचं सूत जुळलं पाहिजे, ही मांडणी जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये केली. तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, पण ती पटवायला असा पेन्सिलने भरलेला एक समास पुरतो. विभागप्रमुखांसमोर तो कागद ठेवला की आवाज न चढवता चर्चा सुरू होते, कारण प्रश्नपत्रिका त्यांच्याच विभागाची असते. एक खबरदारी मात्र घ्या: पेपर काढणाऱ्याचं नाव बैठकीत घ्यायचं नाही. अंतर्गत मूल्यमापनात केस स्टडी किंवा प्रकल्प असेल तर तोही बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. लेखी पेपर एकटाच दोषी ठरवणं अन्यायाचं होतं.

आकड्यांबद्दल एकच सांगते, छेद बघा. ‘निकाल ९० टक्के’ हे वाक्य प्रत्येक अहवालात असतं. समजा प्रवेश घेतले ६० जणांनी, शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसले ४२, उत्तीर्ण झाले ३८. बसलेल्यांपैकी धरलं तर ९० टक्के, प्रवेश घेतलेल्यांपैकी धरलं तर ६३. दोन्ही आकडे खरे आहेत. पण मधले १८ जण कुठे गेले हा प्रश्न दुसऱ्या आकड्याशिवाय उपस्थितच होत नाही. कुणी दुसऱ्या शाखेत गेले असतील, कुणाचं पहिल्याच वर्षी गणित अडलं असेल, कुणाला फी झेपली नसेल. त्यामुळे विभागाकडे उत्तीर्णांची टक्केवारी मागण्याऐवजी तुकडीनुसार यादी मागा: अमुक वर्षी आलेले विद्यार्थी सत्रागणिक कुठे आहेत. यादी लगेच मिळणार नाही. परीक्षा विभागाचा प्रवेश क्रमांक आणि विद्यार्थी विभागाचा नोंदणी क्रमांक जुळत नाहीत, असं ठिकठिकाणी आढळतं. ते जुळवण्यात जो वेळ जातो तोच या नोकरीतला सर्वात कंटाळवाणा आणि सर्वात उपयोगी वेळ.

विद्यार्थ्यांच्या फीडबॅकची सरासरी ४.२ आणि ४.३ यांच्यात अर्थ शोधत बसणारे लोक भेटतील. वर्गातल्या किती जणांनी फॉर्म भरला ते आधी विचारा. तास संपायच्या आत, शिक्षक समोर उभे असताना भरून घेतलेल्या फॉर्मला मी फार किंमत देत नाही. छोट्या वर्गाचे निकाल शिक्षकाला दाखवताना तर दुप्पट जपा. सहा जणांच्या वर्गात ‘अनामिक’ शेरा कुणाचा आहे हे अक्षरशः सगळ्यांना कळतं. मोकळ्या शेऱ्यांत मात्र सोनं असतं. वेगवेगळ्या विषयांत तीच तक्रार तीन वेळा दिसली, तर ती बाजूला लिहून ठेवा आणि समितीच्या हाती द्या.

आता समितीची भेट. समितीत माणसं निवडताना विषयातलं नाव बघतात, ते ठीकच. पण विभागातल्या कुणाचा पीएचडीचा मार्गदर्शक, सहलेखक, कायमचा बाह्य परीक्षक यादीत आहे का ते तपासणं हे कक्षाचं काम आहे, आणि ते पत्र जाण्याआधी करायचं. नंतर नाव वगळणं म्हणजे दोन्हीकडची नाराजी. जमेल तिथे समितीत एक विद्यार्थी सदस्य घ्या. युरोपीय मानकांत बाहेरच्या समितीत विद्यार्थी असणं अपेक्षितच आहे. विद्यार्थी सदस्य असे प्रश्न विचारतो जे प्राध्यापक विचारत नाहीत: ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं, उत्तरपत्रिका परत बघायला मिळते का.

वेळापत्रक आखताना स्वागताचे कार्यक्रम आणि सादरीकरणं सढळ हाताने कापा. विभागप्रमुखांच्या पीपीटीत जे असतं ते अहवालात आलेलंच असतं. वाचलेला वेळ विद्यार्थ्यांच्या भेटीला द्या. त्या भेटीसाठी विद्यार्थी निवडायचं काम विभागाकडे दिलंत, तर वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवणारे पुढे बसतील. यादी आपण काढायची: प्रत्येक वर्षातले काही, त्यात एखादा विषय राहिलेला, एखादा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेला. खोलीत शिक्षक नकोत, शिपाईसुद्धा दाराशी नको. पहिली दहा मिनिटं ‘सगळं छान आहे सर’ असंच चालतं. मग समितीतलं कुणीतरी विचारतं, ‘तुमच्या धाकट्या भावाला याच अभ्यासक्रमाला पाठवाल का?’ तिथून पुढे लिहून घ्यायला हात पुरत नाही.

अहवाल समिती लिहिते, पण मसुदा आपल्याकडून जातो, आणि इथे नवा माणूस फार भिडस्त असतो. ‘विभागाने संशोधन संस्कृती वृद्धिंगत करावी’ अशी शिफारस आली तर नम्रपणे परत पाठवा. वृद्धिंगत झाली हे पुढच्या समितीला कसं कळणार? ‘अंतिम वर्षाचा प्रकल्प एका सत्राऐवजी दोन सत्रांचा करावा, प्रस्ताव अभ्यास मंडळापुढे पुढच्या शैक्षणिक वर्षाआधी यावा’ अशी शिफारस असेल तर कुणी काय करायचं ते कळतं. पैसे किंवा पदं लागणारी शिफारस वेगळी काढा, कारण तिचा निर्णय विभागाच्या हातात नसतो. ‘दोन शिक्षक हवेत’ ही शिफारस विभागाच्या माथी मारून तीन वर्षांनी ‘पूर्तता नाही’ असा शेरा मारणं हा शुद्ध अन्याय, आणि असे शेरे मी पुष्कळ वाचले आहेत.

विभागांशी नातं कसं ठेवायचं हेही विचारतात. पहिल्या बैठकीत कुणीतरी हसत हसत विचारणारच, ‘म्हणजे आम्हाला पास करणार की नापास?’ हसण्यामागे धास्ती असते. विषय बंद पडला तर तास कमी होतील, तास कमी झाले तर कंत्राटावरच्या सहकाऱ्याचं काय, असा तो हिशेब असतो. त्यावर गुळमुळीत उत्तर देऊ नका. आढाव्यातून काय ठरू शकतं आणि काय ठरत नाही, हे विद्यापीठाच्या नियमातला मजकूर समोर ठेवून सांगा. स्वयंमूल्यमापन अहवाल त्यांच्यासाठी लिहून देऊ नका, कितीही घाई असली तरी. कक्षाने लिहिलेला अहवाल लगेच ओळखू येतो: सगळ्या विभागांची ‘बलस्थानं’ सारखीच असतात.

नोकरी म्हणून बघाल तर या कामाला कुठल्या एका पदवीची अट नाही. शिक्षणशास्त्र, संख्याशास्त्र, प्रशासन, कुठूनही लोक येतात आणि टिकतात. मुलाखत घेताना मी उमेदवाराला अर्ध्या पानाचं इतिवृत्त वाचायला देते आणि विचारते, यात निर्णय कोणते, जबाबदारी कुणाची, मुदत कधीची? इतक्यावर बरंच समजतं. सॉफ्टवेअर शिकता येतं. एखादी गोष्ट कागदावर आहे की घडली आहे, हा फरक टोचण्याची सवय असावी लागते. ज्याला दर महिन्याला काहीतरी पूर्ण झाल्याचं समाधान लागतं, त्याने मात्र दुसरीकडे बघावं. इथे एका बदलाचा पहिला निकाल दिसायला एक तुकडी बाहेर पडावी लागते.

कामात लवकर तयार व्हायचं असेल तर दुसऱ्या विद्यापीठाच्या आढाव्यात समितीचं सचिवपद मागून घ्या. मानधन थोडं, जेवणाच्या सुट्टीतही टंकलेखन, पण खोलीत बसायला मिळतं. नोंदी घेताना आपलं मत लिहू नका. कुणी काय विचारलं, काय उत्तर आलं आणि कोणता पुरावा दाखवला, एवढंच लिहा, आणि जिथे पुरावा मागितला पण आला नाही तिथे समासात खूण करा. दिवसाच्या शेवटी समिती दारं लावून बसते तेव्हा अध्यक्ष आधी त्या खुणाच विचारतात.