टीव्ही अन होम थिएटरच्या वायरी आणायला निघण्याआधी

आपल्याकडं सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की दिवाळीच्या आगेमागे घरात नवा टीव्ही येतो, अन आता त्याच्या जोडीला होम थिएटर नाहीतर साउंडबार पण यायलाय. वस्तू आपण दहा ठिकाणी भाव विचारून घेतो पण वायरी मात्र दुकानदार हातात ठेवील त्या. मी परभणीत राहतो, पाहुण्यारावळ्यांत किंवा गल्लीत कुणाकडं असं काही आलं की जोडायला मला बोलवतात, मला हे काम मनापासून आवडतं, अन दर वेळी हेच दिसतं की आवाज नीट येईना झाला तर त्यामागं बहुतेक वेळा चुकीची किंवा कमी पडलेली वायर असते. म्हणून दुकानात जायच्या आधी काय काय बघून ठेवायचं ते सगळं एकदाच लिहून काढतोय.

पहिलं काम घरातच आहे. मोबाईलची बॅटरी लावा, टीव्हीच्या मागं अन थिएटरच्या मागं वाकून बघा अन दोन्हीकडचे फोटो काढा, असे की पोर्टशेजारचं बारीक लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय (चित्र अन आवाज एकाच वायरीतून नेणारी चपटी खाच) असले तरी बहुतेक वेळा एकाच पोर्टशेजारी एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असतं, अन एचडीएमआयनं टीव्हीतला आवाज थिएटरकडं जातो तो फक्त त्याच पोर्टातून. ही सोय २००९ मध्ये एचडीएमआय १.४ सोबत आली, त्याच्या आधीच्या टीव्हीत शोधून उपयोग नाही, अन ईएआरसी म्हणजे तिचीच सुधारलेली आवृत्ती, २०१७ च्या २.१ मधली. थिएटरच्या एचडीएमआय आउटवर पण एआरसी लिहिलेलं दिसलं तर निम्मी यादी तिथंच संपली, एका केबलवर भागलं. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयनं जोडलेल्या वस्तूंनी एकमेकांना चालू-बंद करायची सोय) चालू करा, सॅमसंगवाले त्याला ॲनीनेट प्लस म्हणतात, एलजीवाले सिंपलिंक, सोनीवाले ब्राव्हिया सिंक, ते बंद असलं की केबल बरोबर लावूनही कित्येकदा आवाज येतच नाही अन माणूस केबल बदलत बसतो.

आता ती एचडीएमआय कोणती घ्यायची. तुम्ही सगळं टीव्हीतल्याच ॲपवर बघत असाल तर त्या केबलमधून चित्र जातच नाही, फक्त आवाज जातो, त्याला साधी चांगली हाय स्पीड केबल भरपूर झाली. सेटटॉप बॉक्स किंवा प्लेअर थिएटरमध्ये लावून तिथून फोरके चित्र टीव्हीला न्यायचं असेल तर १८ जीबीपीएसची प्रीमियम हाय स्पीड घ्या. ४८ जीबीपीएसची अल्ट्रा हाय स्पीड लागते ती फोरके १२० हर्ट्‌झवर गेम खेळणाऱ्या पोरांना, अन ती घेताना खोक्यावर स्कॅन करायचं लेबल आहे का बघा. सोन्याच्या पाण्याच्या पिनेला जास्तीचे पैसे देऊ नका, तिला गंज कमी चढतो एवढंच, आवाज काही सुधारत नाही.

टीव्हीला किंवा थिएटरला एआरसी नसलं तर ऑप्टिकल (उजेडानं आवाज नेणारी वायर) बघा, लहान चौकोनी खोबणी असते, झडप असलेली. १९८३ मध्ये तोशिबानं काढलेली ही पद्धत आहे, अजून चालू आहे. तिच्यातून साधा स्टिरिओ अन डॉल्बी डिजिटल ५.१ (पाच स्पीकर अन एक वूफर) जातं, ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आल्यासारखा वाटतो तो डॉल्बीचा प्रकार) जात नाही, ॲटमॉस पाहिजे तर एआरसीकडंच वळावं लागतं. नव्या ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना लहानसं प्लॅस्टिकचं टोपण असतं, ते काढल्याशिवाय पिन बसत नाही अन लोकं जोर करतात. एक टोक टीव्हीला लावलं की दुसरं तळहातासमोर धरा, हातावर लाल ठिपका पडला म्हणजे टीव्हीचं ऑप्टिकल चालू आहे. आतमध्ये प्लॅस्टिकचा धागा असतो, कोपऱ्यात एकदम दुमडली की गेली, गोलाई देऊनच वळवायची.

आपल्याकडं असेंबल केलेले ॲम्प्लिफायर लई आहेत, लाकडी खोक्यात मोठा वूफर, समोर यूएसबी-ब्लूटूथची पट्टी, मागं नुसत्या लाल-पांढऱ्या पिना. अशा ॲम्प्लिफायरला नवा टीव्ही जोडायचा तर ऑप्टिकलच्या सोबत एक कन्व्हर्टर डबी (ऑप्टिकलचा डिजिटल आवाज साध्या पिनांना चालेल असा करून देणारी) लागते, म्हणजे यादीत तीन वस्तू झाल्या, ऑप्टिकल केबल, डबी अन डबीपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची आरसीए, म्हणजे लाल-पांढऱ्या पिनांची केबल. इथं एका गोष्टीनं माझी अख्खी संध्याकाळ घेतलती. शेजारच्या काकांकडं सगळं जोडलं, लाल ठिपका दिसायलाय, अन स्पीकरमधून नुसती खरखर. डबी परत केली, दुसरी आणली, तरी तेच. शेवटी टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये गेलो तर डिजिटल आउटपुट डॉल्बीवर होतं, साध्या डबीला फक्त पीसीएम, म्हणजे साधा डिजिटल आवाज कळतो, पीसीएम केलं अन त्याच क्षणी बातम्यांचा आवाज घुमला, काकू आतून पळत आल्या. म्हणून यादीत लिहून ठेवा, साधी डबी असली की पीसीएम. ॲम्प्लिफायरला मागं ५.१ च्या सहा पिना असतील अन सहाही चालवायच्या असतील तर मात्र डॉल्बी उलगडणारी ५.१ डिकोडर डबी मागा, तिच्यासाठी टीव्ही डॉल्बीवरच ठेवायचा. अन टीव्हीला ऑप्टिकल पण नसलं तर हेडफोनच्या भोकातून दोन आरसीएवाली केबल लावा, स्टिरिओ छान वाजतो, फक्त केबल तीन मीटरच्या आत ठेवा, लांब गेली की घुंऽऽ असा आवाज पकडायची भीती वाढते.

स्पीकरच्या वायरीला सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, अन माझं म्हणणं आहे की पैसा घालायचाच तर तिथं घाला. थिएटरसोबत येते ती दोऱ्यासारखी असते. मागचे स्पीकर १० मीटर लांब असले तर वायर जाऊन-येऊन २० मीटर होते, अर्ध्या एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटर, तारेची जाडी) असेल तर तिचाच रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ०.७ ओहमच्या आसपास, अन आपले स्पीकर बऱ्याचदा चारच ओहमचे असतात, म्हणजे ताकदीचा चांगला वाटा वायरीतच मुरतो. दीड एमएमची टू कोअर (आत दोन वेगळ्या तारा असलेली) घेतली की तोच रोध पाव ओहमच्या आत येतो. ती इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते. घेताना टोकाची एक तार ब्लेडनं खरवडून बघा, वरून तांब्याची अन आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत द्या. उलटं पण असतं बरं का, वरून चंदेरी अन आतून लाल, ते कल्हई केलेलं तांबं, ते चांगलं. एका कोअरवर रेघ असलेली वायर मागा, रेघवाली सगळीकडं लाल टर्मिनलला, म्हणजे उलटासुलट होत नाही. एक स्पीकर जरी उलटा लागला तरी बास पोकळ होतो अन लोकं वूफरला नावं ठेवतात.

माप घ्यायला सुतळी वापरा. वायर जशी जाणार तशीच, खाली, कोपऱ्यातून, दाराच्या चौकटीवरून सुतळी लावा, मग मोजा, अन टीव्हीच्या मागं अर्धा मीटर जास्त धरा, भिंतीवरचा टीव्ही पुढं ओढावा लागतोच.

नवीन बांधकाम चालू असेल तर पुढचं जास्तच लक्षात घ्या. गंगाखेडला दाजींनी घर बांधलं, झिरी मारून टीव्हीच्या मागं पाऊण इंची पाइप टाकून ठेवलता, प्लास्टर झालं, रंग झाला, वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी केबल घेऊन गेलो अन एचडीएमआयचं डोकंच आत जाईना, एल्बोपाशी तर पूर्ण अडलं. दाजी म्हणले, "राहू दे रे, बाहेरून केसिंग पट्टी मार." ताईचा चेहरा उतरला, तिनं ती भिंत लई हौसेनं रंगवून घेतलती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, दीड इंची पाइप टाका, एल्बोऐवजी लाँग बेंड वापरा, पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा म्हणजे उद्या केबल बदलायची झाली तर ओढता येते, अन लाइटच्या वायरी त्या पाइपात अजिबात नकोत, वेगळ्या पाइपातून वीतभर लांबून न्या. पाइपाची तोंडं बंद ठेवा, उंदरांना वायर लागते.

शेवटची वस्तू विजेची. टीव्ही अन थिएटर एकाच चांगल्या अर्थिंगच्या बोर्डावर घ्या, दोन ठिकाणांहून लाइट घेतली की घुमणं सुरू होतं. अन मे-जूनमध्ये वळीवाचं आभाळ भरून आलं की गडगडायच्या आधीच, नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा अन डिशच्या छत्रीकडून सेटटॉप बॉक्सला येणारी वायर पण काढा, वीज त्या वायरीनं बॉक्सात अन तिथून एचडीएमआयनं टीव्हीत शिरते. हे घाईत जमावं म्हणून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेननं नाव लिहा, "छत्री", "टीव्ही एआरसी", "मागचा डावा". दाजींकडं ताईनं स्वतः लिहिल्यात, आता आभाळ भरून आलं की तीच आधी उठून "छत्री" काढती.