ट्यूमरचं गणित: सुरुवात कुठून करावी

नागपूर विद्यापीठात किंवा व्हीएनआयटीत गणिताची एम.एस्सी. करताना कॅन्सरच्या मॉडेलिंगकडे वळायचं असेल, तर पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स आधी बाजूला ठेवा. एकच समीकरण नीट हाताळा, गॉम्पर्ट्झचं: वाढीचा दर = अ × आकारमान × लॉग (कमाल आकारमान ÷ आकारमान). इथे ‘अ’ हा वाढीचा वेग ठरवणारा स्थिरांक. त्याचं मूळ १८२५ मधल्या मृत्युदराच्या नियमात आहे. अ‍ॅना लेयर्ड यांनी १९६४ मध्ये ते ट्यूमरच्या वाढीला लावून दाखवलं.

पायथनमध्ये ते सोडवायला एक दुपार पुरते. कस लागतो तो खरे आकडे बसवताना. स्कॅनवर व्यास मोजताना १० टक्के चूक झाली, तर आकारमानात ती ३३ टक्के होते, कारण तिथे व्यासाचा घन येतो. म्हणून फिटिंग आकारमानावर नको, त्याच्या लॉगवर करा. रुग्णाचे तीनच स्कॅन असतील, तर ‘अ’, सुरुवातीचं आकारमान आणि कमाल आकारमान ही तिन्ही त्यातून काढू नका. वक्र तिन्ही बिंदूंतून तंतोतंत जाईल आणि तरी भाकीत भलतंच निघेल. वाढ मंदावण्याआधीच्या मोजमापांत कमाल आकारमानाची माहिती जवळपास नसतेच. ते गृहीत धरा, मग दुप्पट, दसपट करून पुन्हा फिट करा आणि भाकीत किती हलतं ते मार्गदर्शकांना आधी दाखवा. सुंदर आलेखापेक्षा ही तपासणी मोलाची.

उपचारांत रेडिएशनपासून सुरुवात करा. कोणत्या डोसला किती पेशी मरतात ते सांगणाऱ्या लिनिअर-क्वाड्रॅटिक मॉडेलमध्ये परिणामी डोस = एकूण डोस × (१ + एका फ्रॅक्शनचा डोस ÷ अल्फा-बीटा गुणोत्तर). फ्रॅक्शन म्हणजे एका बैठकीत दिलेला हप्ता. हे गुणोत्तर जितकं कमी, तितकी ऊती मोठ्या फ्रॅक्शनला जास्त संवेदनशील; ते ट्यूमरसाठी साधारण १० ग्रे (ग्रे हे रेडिएशन डोसचं एकक), तर जबड्याच्या हाडासारख्या उशिरा प्रतिसाद देणाऱ्या ऊतींसाठी साधारण ३ ग्रे धरतात. एकूण ६० ग्रे २-२ ग्रेने ३० वेळा दिले, तर परिणाम अनुक्रमे ७२ आणि १००. तेच ३-३ ग्रेने २० वेळा दिले, तर ७८ आणि १२०. ट्यूमरवरचा मारा ८ टक्के वाढला, हाडावरचा २० टक्के!

खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) विदर्भात तोंडाचा कॅन्सर फार, म्हणून इथे एक प्रश्न खास महत्त्वाचा: उपचारात खंड पडला तर? डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी झपाट्याने वाढतात आणि त्यांना आवरायला दिवसाला सुमारे ०.६ ग्रे खर्ची पडतो, असं विदर्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलं. गडचिरोलीहून येणाऱ्या रुग्णाचा उपचार त्या टप्प्यात पाच दिवस लांबला, की ३ ग्रे गेले, म्हणजे २ ग्रेच्या हिशेबाने दीड फ्रॅक्शन.

सरावाला द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हवरचा खुला डेटा घ्या. नंतर तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट किंवा एम्स, जिथे काम करायचं तिथल्या मेडिकल फिजिसिस्टशी (रेडिएशनच्या डोसचं गणित सांभाळणाऱ्या तज्ज्ञाशी) आधी बोला. एथिक्स कमिटीची परवानगी मात्र टळत नाही. अर्जात हवे ते रकाने नेमके लिहा: स्कॅनची तारीख, व्यास, प्रत्येक फ्रॅक्शनचा डोस. नाव, पत्ता, फोन मागू नका. आणि फ्रॅक्शनच्या तारखा ठरलेल्या नको, प्रत्यक्ष दिलेल्या मागा. पडलेला खंड त्यांतच दिसतो.