वही तिसऱ्या आठवड्यात बंद पडते? या चुका टाळा

रोजची कामं वहीत लिहायला लागलेल्या लोकांच्या वह्या चाळल्या की बहुतेकींत तेच दिसतं. पहिली दहा-बारा पानं चित्रासारखी, पुढची पाच घाईची, मग कोरा कागद. याला आळस म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. वही बंद पडते ती दोन-चार ठरावीक चुकांमुळे.

वर्षभराची पानं आधीच आखणं

ही सगळ्यात घातक. नवी वही हातात आली की रविवारी बैठक मारून बारा महिन्यांची कॅलेंडरं, आठवड्यांचे रंगीत रखाने, झोप-पाणी-व्यायामाचे तक्ते काढले जातात. १९२ पानांतली साठेक पानं एकही काम न लिहिता संपतात. मंगळवारी कळतं की दिवसाच्या रखान्यात चार ओळी मावतात आणि कामं आहेत नऊ. उरलेली पाच चिठ्ठीवर जातात, गुरुवारी चिठ्ठी हरवते, शुक्रवारचा रखाना रिकामा राहतो. तारीख आधीच छापल्यासारखी लिहिलेली असल्याने ती रिकामी जागा रोज डोळ्यांत खुपते. सात सवयींचा महिन्याचा तक्ता म्हणजे २१० खाने, म्हणजे रोज रात्री स्वतःला सात जाब. दुसऱ्या आठवड्यात माणूस वही उघडणंच टाळतो.

त्यापेक्षा असं करा. पहिली चार पानं अनुक्रमणिकेसाठी सोडा. पाचव्या पानावर फक्त चालू महिना: १ ते ३१ एकाखाली एक, शेजारी वार, पुढे ठरलेली गोष्ट. ए५ वहीचं पान २१० मिलिमीटर उंच असतं. ५ मिलिमीटरवर ठिपके छापलेल्या पानावर ३१ ओळी आरामात बसतात, ८ मिलिमीटरच्या रेघांवर पंचविसेकच. रेघांची वही असेल तर १६ तारखेनंतर पुढच्या पानावर जा. त्यानंतरच्या पानावर महिन्याची कामं आणि तिथून पुढे रोजचं लिखाण. तारीख टाका, लागतील तेवढ्या ओळी लिहा, दुसऱ्या दिवशी लगेच त्याखालून सुरू करा. उद्यासाठी जागा राखायची नाही. पहिला महिना एकही तक्ता काढू नका. ज्यांना धीर नसतो ते नेमके तक्त्यांपासूनच सुरुवात करतात.

अर्धवट कामं मागच्या पानांवर सोडणं

सोमवारी लिहिलेलं काम झालं नाही, मंगळवारी पान उलटलं, काम गडप. आठवड्याने वहीवरचा विश्वास उडतो आणि माणूस पुन्हा सगळं डोक्यात ठेवायला लागतो. मग वही कशाला?

झोपण्याआधी पाच मिनिटं पुरतात. कामाआधी ठिपका असतोच. झालं तर त्यावर फुली, पुढे न्यायचं तर उजवीकडे वळलेला बाण, नकोच असेल तर आडवी रेघ. बाण मारलेलं काम नव्या तारखेखाली हाताने पुन्हा लिहायचं. अमेरिकन डिझायनर रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या बुलेट जर्नल या वहीत कामं नोंदवायच्या पद्धतीचा कणा हाच आहे. पुन्हा लिहायचा कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यातूनच कळतं की काम खरंच करायचं आहे का. म्हणून चिकट चिठ्ठ्या एका पानावरून दुसऱ्यावर हलवण्याचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. त्यात कष्ट वाचतात तसा निर्णयही टळतो.

एकच काम तिसऱ्यांदा पुढे ढकलावं लागलं तर दोष बहुधा शब्दांचा असतो. ‘विमा’ असं लिहिलेलं काम कोणीच करत नाही. ‘विम्याच्या फाइलमधून पॉलिसी नंबर शोधणे’ हे दहा मिनिटांत होतं. प्रत्येक ओळीत क्रियापद हवं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

कागद न तपासणं: शेवटच्या पानावर तुमच्या पेनाने चार ओळी लिहा आणि मागची बाजू बघा. बॉलपेनला ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद पुरतो. शाईपेनला १०० च्या आसपासचा बरा. जेल पेनने लिहून लगेच वही मिटली की समोरचं पान डागाळतं.

घरची एक, कामाची एक अशा दोन वह्या: हवी असते ती नेहमी दुसरीकडे असते. एकच ठेवा.

चुकलेलं पान फाडणं: मधोमध शिवलेल्या वहीत एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं दुसरीकडचं पान सुटतं. तिरकी रेघ मारून पुढे जा.

चुकलेले दिवस भरून काढणं: चार दिवस राहिले तर आजची तारीख टाकून लिहायला लागा. त्या दिवसांतलं एखादं काम बाकी असेल तर तेवढं आजच्या यादीत घ्या.

ठरलेल्या वेळेच्या गोष्टी फक्त वहीत लिहिणं: कागद वाजत नाही. दातांच्या डॉक्टरांकडे ४ वाजता जायचं असेल तर वहीत लिहाच, पण गजर फोनवर लावा.