कॉल तुटतोय? नेटवर्क सेटिंग बदलताना या चुका टाळा

आवाज फुटायला लागला की आपण आधी वरच्या दांड्या बघतो. दांड्या चार असल्या तरी कॉल टूजीवरून चाललाय की फोरजीवरून, हे त्यातून समजत नाही. खरा फरक तिथेच पडतो. टूजी कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे पोहोचतो, त्यामुळे ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ ऐकू येतं. व्होल्टीच्या, म्हणजे फोरजीवरून होणाऱ्या, एचडी कॉलमध्ये हा पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत जातो. मात्र त्यासाठी समोरच्याचंही व्होल्टी चालू हवं.

म्हणून सर्वात आधी सेटिंग्जमधल्या मोबाइल नेटवर्कमध्ये जाऊन व्होल्टी चालू आहे का, ते बघा. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी बटण वेगळं असतं, आणि दुसऱ्या सिमचं हमखास राहून जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे *#*#४६३६#*#* डायल करून ‘एलटीई ओन्ली’ (फक्त फोरजी) निवडणं. इंटरनेट वेगवान व्हावं म्हणून व्हिडिओ बघून हे केलं जातं आणि मग विसरलं जातं. एअरटेल किंवा व्हीआयच्या सिमवर व्होल्टी बंद असेल, तर कॉल येताना फोनला टूजीवर उतरावं लागतं. तुम्ही ती वाटच बंद केलेली असते, म्हणून समोरच्याला ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं. जिओला हा उतारही नाही, त्यांच्या जाळ्यात टूजी-थ्रीजी कधीच नव्हतं. नेटवर्क प्रकार ‘५जी/४जी/३जी/२जी ऑटो’ असाच ठेवा.

एपीएनची, म्हणजे कंपनीच्या जाळ्याशी जोडणाऱ्या नोंदींची, यादी साफ करताना ‘आयएमएस’ नावाची नोंद पुसू नका. इंटरनेटची नोंद वेगळी. आयएमएसवर व्होल्टी चालतं. पुसली गेलीच असेल, तर त्याच पानावर ‘रीसेट टू डिफॉल्ट’ करा.

स्लॅबच्या घरात, विशेषतः आतल्या खोलीत, वायफाय कॉलिंग खूप कामी येतं. पण राउटरपासून लांब, वायफायची एकच रेघ असताना ते चालू ठेवलं, तर फोन वायफाय आणि टॉवर यांच्यात हेलकावे खातो आणि आवाज मध्येच गायब होतो. अशा ठिकाणी कॉलिंग प्रेफरन्समध्ये मोबाइल नेटवर्कला पसंती द्या.

सिग्नल मोजायचा तर अबाउट फोनमधल्या सिम स्टेटसमध्ये डीबीएमचा (सिग्नलच्या ताकदीचा) आकडा बघा. फोरजीवर उणे ९० च्या आसपास उत्तम; उणे ११५ च्या खाली गेला तर कोणतंही सेटिंग उपयोगी नाही, खिडकीपाशी जा.

आणि नेटवर्क रीसेट सगळ्यात शेवटी करा. त्यात वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात. त्याआधी कव्हर काढून एक कॉल करून बघा. वरच्या कडेचं माइकचं छिद्र झाकलं असेल तर गोंगाट कमी करणारी यंत्रणाच चुकते, आणि तुमचा आवाज समोरच्याला घुसमटलेला ऐकू येतो.

ऑनलाइन मिळणारा सिग्नल बूस्टर घेऊ नका. विनापरवाना तो लावणं बेकायदेशीर आहे, आणि त्याने शेजारच्यांचे कॉलही बिघडतात. त्यापेक्षा कंपनीकडे तक्रार नोंदवा, डॉकेट क्रमांक (तक्रारीचा क्रमांक) मागून घ्या, आणि दाद लागली नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा.