महानायकांच्या खेळासाठी प्रसंग सुचवताना

भूमिका-खेळासाठी (ज्यात खेळाडू पात्रे होऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेतात) छोटे प्रसंग रचताना आरंभ महानायकाच्या शक्तीपासून न करता गावाच्या अडचणीपासून करावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले. त्या गाडीची एक वाघीण (पाण्याचा डबा) स्थानकात शिरताना गळू लागली आणि लोखंड वितळवून सांधणारी नायिका धावून आली, पण तिचा हात लागताच आतले पाणी उकळू लागले, अशी कल्पना करावी. शक्तीची किंमत अशी समोर दिसली पाहिजे. मग प्रसंग कोण पाहत आहे, हे ठरवावे: घागर घेऊन उभी असलेली आत्या मुखवट्याआडच्या भाचीला भाजलेल्या बोटांवरून ओळखते. खलनायक मागाहून आणला तरी चालतो (बहुधा तो टँकरवालाच निघतो). आत्या तोंड उघडण्यापूर्वी लेखन थांबवावे आणि फासे खेळाडूंच्या हाती द्यावेत.